मदत हवी आहे: पोस्टग्रेसच्या फंक्शनमध्ये ऑर्डर बायचा कॉलम बाहेरून कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी. इथे बडोद्यात आमच्या भागातल्या एका मराठी वाचनालयाची पुस्तकयादी पोस्टग्रेस या डेटाबेसवर आणतोय. आजोबांपासून तिथले सभासद आहोत, म्हणून हे काम मनापासून नीट व्हायला हवंय. यादी कुणाला लेखकाप्रमाणे हवी, कुणाला वर्षाप्रमाणे, ग्रंथपालांना दाखल क्रमांकाप्रमाणे. तिघांसाठी पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेत एकच फंक्शन लिहिलं, 'क्रम' हा टेक्स्ट पॅरामीटर घेतला आणि शेवटी, ओळींचा क्रम ठरवायला, 'ऑर्डर बाय क्रम' लिहिलं.

एरर नाही, पण यादी जागची हलत नाही. 'लेखक' पाठवा की 'वर्ष', ओळी त्याच. काल ग्रंथपाल काकू शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अरे, १९६० च्या खाली १९३४ कसं आलं?"

मग केस लावला, म्हणजे 'क्रम' बघून कॉलम निवडणारी अट. त्यावर एरर आली: 'केस टाइप्स टेक्स्ट अँड इंटिजर कॅनॉट बी मॅच्ड', म्हणजे मजकूर आणि पूर्णांक एकत्र चालत नाहीत. सगळं टेक्स्टमध्ये कास्ट केलं (बदललं) तर वर्षं चार आकडी म्हणून निभावली, पण दाखल क्रमांकात १०० हा ९ च्या आधी बसला! आता स्ट्रिंग जोडून क्वेरी बनवून एक्झिक्यूट करावी, तर इंजेक्शनची, म्हणजे कुणी पॅरामीटरमधून घातक आज्ञा घुसवण्याची भीती. काय करू?

प्रतिसाद:
पॅरामीटर ही किंमत असते, कॉलमचं नाव नव्हे. प्रत्येक ओळीला तोच मजकूर मिळतो, मग क्रम लागणार कशाने? प्रत्येक कॉलमला स्वतंत्र केस देऊन मध्ये स्वल्पविराम घातलात तर टाइपचं भांडण मिटतं, पण कॉलमवरचा इंडेक्स (शोध वेगाने व्हावा म्हणून ठेवलेली सूची) वापरला जात नाही. त्यापेक्षा 'रिटर्न क्वेरी एक्झिक्यूट फॉरमॅट' वापरा. कॉलमच्या जागी %आय, म्हणजे नाव सुरक्षित अवतरणात जातं. बाकीच्या किमती क्वेरीच्या मजकुरात न जोडता 'यूजिंग'ने वेगळ्या द्या. 'पु.लेखक' असं टेबलासकट पाठवू नका, ते अख्खं एकच नाव धरलं जाईल. चढता-उतरता %आयने जात नाही; त्यासाठी बूलियन (हो/नाही) पॅरामीटर घ्या आणि एएससी (चढता) की डीईएससी (उतरता) ते आतच ठरवा. आलेलं नाव चालणाऱ्या कॉलमांच्या यादीत आहे ना, हेही आधी तपासा.

धागाकर्ता:
चाललं! खूप आभार. १९३४ आपल्या जागी आलं. आता एकच: लेखकांत 'काळे' हे 'काशीकर' यांच्या आधी येतात. ळ तर वर्णमालेत ह च्याही नंतर ना?

प्रतिसाद:
लेखक कॉलमलाच 'एमआर-एक्स-आयसीयू' हे मराठीचं कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) देऊन बघा. ऑर्डर बायमध्ये लिहू नका, वर्षाच्या वेळी एरर येईल. पूर्णांकाला कोलेशन चालत नाही.