खाते व्यक्तीचे की पदाचे?
समाजमाध्यमांमुळे लोकप्रतिनिधी आणि मतदार यांच्यातील अंतर मिटले, हे मत मला अर्धेच पटते. कारण बहुतेक खात्यांवर उद्घाटनांची छायाचित्रे भरपूर असतात, पण एखाद्या विधेयकावर आपण कोणत्या बाजूने मत दिले आणि का, याचा खुलासा क्वचितच आढळतो. टीकाकारांना ब्लॉक करण्याचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये असे ठरवले की पदाधिकाऱ्याला शासनाच्या वतीने बोलण्याचा प्रत्यक्ष अधिकार असेल आणि पोस्ट लिहिताना तो त्याच अधिकाराने बोलत असल्याचे दिसत असेल, तरच त्याने कोणाला ब्लॉक करणे ही खासगी नव्हे, तर शासकीय कृती मानावी. निकष तर्कशुद्ध आहे; पण एकाच खात्यावर कौटुंबिक छायाचित्रे आणि धोरणविषयक घोषणा शेजारीशेजारी असताना (आणि ते खाते बहुधा कर्मचारीच चालवत असताना) सामान्य नागरिकाने तो लावायचा कसा?