लहान मुलांच्या कपड्यांचा व्यवसाय: तीन लाखांत दुकान टाकावे की घरून शिवून विकावे?

प्रश्न: नवी सुरुवात, नाशिक

नमस्कार. गेली सहा वर्षे मी घरी ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवून देते. माझ्याकडे एक जुकी मशीन आणि तीन धाग्यांचे ओव्हरलॉक (कापडाची कड दोऱ्याने बंद करणारे मशीन) आहे. गेल्या वर्षी भाचीच्या बारशासाठी मी मलमलीचे झबले, टोपडे, कुंची आणि दुपटे असा संच शिवला. तो पाहून ओळखीतल्या अकरा जणींनी तसाच संच करून मागितला, आणि तेव्हापासून लहान मुलांच्या कपड्यांचाच व्यवसाय करावा असे मनात घोळते आहे.

साठवलेले तीन लाख रुपये आहेत. यजमानांचे म्हणणे असे की, गाळा भाड्याने घ्यावा आणि मुंबईहून तयार माल आणून तान्ह्या बाळापासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे दुकान टाकावे, कारण शिलाईत दिवस जातो आणि पैसा दिसत नाही. गाळ्याची अनामत 75,000 आणि भाडे 14,000 रुपये सांगतात. माझा कल घरून शिवून विकण्याकडे आहे. या धंद्यातल्या मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. जीएसटी आणि परवान्यांचेही मला काही कळत नाही.

उत्तर: दुकानदार, सांगली

ताई, बावीस वर्षे मुलांच्या कपड्यांचे दुकान चालवत असल्यामुळे मी यजमानांची बाजू घेईन असे तुम्हाला वाटेल; पण तीन लाखांत बारा वर्षांपर्यंतचे दुकान होत नाही. मोठ्यांच्या कपड्यांत चार-पाच मापांवर भागते, इथे मापेच तुमचे भांडवल खातात. फ्रॉकची एकच डिझाइन दोन रंगांत, आठ मापांत आणि प्रत्येकी दोन नग घेतली तर 32 नग होतात. सरासरी 280 रुपये खरेदी धरली तर 8,960 रुपये झाले. दुकान भरलेले दिसण्यासाठी अशा पंधरा डिझाइन मांडल्या की 1,34,400 रुपये संपले, आणि त्यात मुलग्यांचे कपडे, तान्ही बाळे, आतले कपडे आणि स्वेटर अजून आलेलेच नाहीत.

त्यातून ठोक व्यापारी सहसा सेट, म्हणजे एका डिझाइनच्या सगळ्या मापांचा गठ्ठा, फोडून देत नाहीत. मधली मापे आठवड्यात उडतात, दोन्ही टोकांची मापे रॅकवर राहतात, आणि मधली पुन्हा हवी असतील तर पुन्हा पूर्ण सेट उचलावा लागतो. माझ्या पोटमाळ्यावर 2019 च्या दिवाळीतल्या शेरवान्या अजून आहेत, सगळ्या एक तर सर्वांत लहान मापाच्या, नाही तर सर्वांत मोठ्या.

आणखी एक लक्षात ठेवा: बाळ पहिल्या वर्षात साधारण 25 सेंमी वाढते आणि आपल्याकडे कपडा नेहमी वाढत्या अंगाचा घेतला जातो. म्हणून बारशाच्या आहेराला अगदी नवजात मापापेक्षा सहा महिन्यांचे माप अधिक जाते. एवढ्या एकाच वयोगटात राहिलात तर तीन लाखही पुष्कळ आहेत.

उत्तर: सुईदोरा, इचलकरंजी

वरील हिशेब पटतो, पण यजमानांचे एक म्हणणे खरे आहे, ते सोडून देऊ नका. घरी शिवणाऱ्या बहुतेक जणी स्वतःची मजुरी धरतच नाहीत. समजा, एका संचाला कापड 110, दोरा-बंद-पिशवी 20 आणि तुमचा दीड तास ताशी 80 रुपयांनी 120, म्हणजे लागत 250 झाली. तो संच 250 ला दिलात तर तुम्ही फक्त पगार घेतला, धंदा केला नाही. किंमत 400 ठेवली तर उद्या एखाद्या दुकानदाराला 320 ला देताना हात आखडणार नाही.

कापडाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. नवीन ठाण आले की त्यावर 50 सेंमीचा चौकोन पक्क्या शाईने आखा, कापड धुऊन वाळवा आणि पुन्हा मोजा. उभ्या धाग्यात अडीच सेंमी कमी भरले तर पाच टक्के आटले. एवढे आटणारे कापड आधी धुतल्याशिवाय कापूच नये. झबल्याची शिवण कातडीला लागू नये म्हणून ती दुमडून बंद करावी, उघडे ओव्हरलॉक काखेत घासते. गळ्याशी ओढायची नाडी ठेवू नका आणि ओवून लावलेले मणी-मोती तर मुळीच नकोत, कारण ते बाळाच्या तोंडात जातात. बाजूला बांधायचे बंद आखूड असावेत.

बोरन्हाणाचे काळे कपडे हा मोह प्रत्येकाला होतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत माल हातोहात जातो, पण नंतर वर्षभर त्याला कोणी विचारत नाही. मी एका वर्षी धुऊन न पाहता काळ्या कापडाचा लॉट शिवला. हलव्याच्या दागिन्यांनी चिकट झालेले झबले आयांनी धुतले आणि सोबतचे पांढरे कपडे करडे झाले. चाळीस संचांचे पैसे परत केले.

उत्तर: करसल्लागार, ठाणे

केवळ मालाची विक्री असेल तर महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मात्र राज्याबाहेर माल विकायचा झाला तर नियम बदलतो, त्यामुळे ऑनलाइन विक्री सुरू करण्याआधी सल्ला घ्यावा. 22 सप्टेंबर 2025 पासून प्रति नग 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर 5 टक्के दर आहे, म्हणजे तुमचा सगळा माल त्यातच बसतो. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) विनाशुल्क होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला गुमास्त्यासाठी (दुकाने व आस्थापना नोंदणीसाठी) केवळ सूचना दाखल करावी लागते.

प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घ्यायचे असेल तर ते युनिट सुरू करण्याआधी घ्यावे, कारण ही योजना नव्या युनिटसाठी आहे. महिलांना स्वतःचा वाटा 5 टक्के घालावा लागतो आणि शहरी भागात 25 टक्के अनुदान मिळते. ते तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपात अडकलेले असते, ही गोष्ट हप्त्यांचा हिशेब करताना लक्षात घ्यावी.

प्रश्नकर्ती: नवी सुरुवात, नाशिक

सर्वांची आभारी आहे. गाळ्याचा विचार सोडला आहे. जन्मापासून दीड वर्षापर्यंतची पाच मापे, बारशाचा संच आणि रोजची झबली एवढेच करायचे आणि पहिल्या सहा महिन्यांत 60,000 च्या वर खर्च करायचा नाही, असे दोघांचे ठरले. मजुरीचा हिशेब यजमान लिहिणार आहेत, म्हणजे माझ्याकडून ती विसरली जाणार नाही.

काल रात्री मलमलीवर चौकोन आखून धुतला. सकाळी मोजला तर उभा 47 आणि आडवा 49 भरला. माझे सगळे कागदी साचे आता नव्याने कापावे लागतील; आणि त्या अकरा जणींची झबली पहिल्याच धुण्यात आखूड झाली असणार, तरी एकीनेही तसे बोलून दाखवले नाही.