सामूहिक ओल्या कचऱ्याचं खत: वास आणि अळ्या आवरत नाहीयेत, काय करू?

आम्ही काही शेजारी मिळून मोकळ्या जागेत ओल्या कचऱ्याचं खत करतोय. सुरुवातीला सगळे हौसेने डबे आणून ओतायचे, आता ढिगाला घाण वास सुटलाय, खाली काळं पाणी साचतंय आणि अळ्या दिसल्यापासून दोन घरं हे बंदच करा म्हणून मागे लागलीयेत. कचरा लवकर कुजावा म्हणून विरजण पावडर टाकली, काही फरक नाही. मला हे बंद पडू द्यायचं नाहीये. नेमकं काय करू?

पालापाचोळा
वास कसला येतो ते आधी सांगा. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा जात नाहीये, नाकात झोंबणारा अमोनियाचा असेल तर सुक्याच्या मानाने ओला कचरा फार झालाय. दोन्हीवर औषध एकच, सुका पाला. एक डबा ओल्यावर दोन-तीन डबे सुका, वजनाने नाही हं, डब्याच्या मापाने. कार्बन (सुक्या पाल्यात जास्त) आणि नायट्रोजन (ओल्या कचऱ्यात जास्त) यांचं प्रमाण 25 ते 30 ला 1 हवं आणि नुसता स्वयंपाकघरातला कचरा त्याच्या बराच खाली असतो. पावडरवर पैसे घालवू नका, लागणारे जंतू कचऱ्यात आणि पाल्यात असतातच, त्यांना हवा मिळाली की झालं.

मातीतले_हात
अळ्या चपट्या, करड्या, अंगावर वळ्या असलेल्या आहेत का? मग त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या, चावत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या असतील तर घरमाशीच्या, म्हणजे कचरा उघडा राहतोय. ताजा कचरा ढिगाच्या मधोमध गाडायचा आणि वर वीतभर पाल्याचा थर, दिसता कामा नये. ढीग निदान मीटरभर लांब, रुंद, उंच ठेवा, त्याहून लहान ढीग नीट तापत नाही. आत 55 अंश तीन दिवस टिकलं तर अळ्या, बरंचसं तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात.

मूळ प्रश्नकर्ता
वास सडक्या अंड्याचाच आहे, अळ्या पांढऱ्या. पाला आहे पण लोक टाकतच नाहीत, डबा उपडा करून निघून जातात.

खतवाली
मग खरा प्रश्न हाच आहे! लोकांना थेट ढिगावर ओतू देऊच नका. ठरावीक वेळ ठेवा, त्या वेळात पाळीने एकजण तिथे उभा राहील, डबा बघेल, प्लास्टिक आणि फळांवरचे स्टिकर काढेल, पाला स्वतः टाकेल. हे कटकटीचं वाटतं पण समोर माणूस असला की डब्यात चमचे-पिशव्या येणं आपोआप कमी होतं. 'विघटनशील' लिहिलेल्या पिशव्याही घेऊ नका, छोट्या ढिगात त्या तशाच राहतात. मांस-मच्छी, तेलकट उरलंसुरलं सध्या नकोच. आणि ढीग दोन करा, एक भरायचा, एक पिकायचा, नाहीतर रोज ताजं पडत राहतं आणि खत कधीच तयार होत नाही. आत्ताचा ढीग उद्याच उपसून भरपूर पाला मिसळून पुन्हा रचा. मूठभर घेऊन दाबलं की एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर अजून पाला. वास लवकर उतरेल, तो उतरला की त्या दोन घरांना बोलावून दाखवा.