उभा गोटा, शिलावर्तुळ, मेन्हिर : कशाला काय म्हणायचं? (विदर्भ)

मंडळी, शब्दाचा प्रश्न आहे. नागपूर-वर्ध्याच्या आसपास वावरांमधे जे जुने दगडांचे गोल आहेत आणि पुढं भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडं जे उभे केलेले दगड आहेत त्यांना मराठीत नेमकं काय म्हणायचं? पुस्तकांत महापाषाण, बृहदश्म (दोन्हीचा अर्थ मोठा दगड), शिलावर्तुळ, एकाश्म स्तंभ असं सगळं सापडतं, इंग्रजीतून मेन्हिर (उभा दगड) आणि डोल्मेन (छत असलेलं दगडी घरटं) आलेत, आणि युट्यूबवाले इंग्लंडमधल्या प्रसिद्ध दगडांवरून सरसकट 'विदर्भाचं स्टोनहेंज' म्हणून मोकळे होतात. मला हे दगड जाऊन बघायची मनापासून आवड आहे आणि खेड्यात गेलं की रस्ता विचारावाच लागतो, तिथं यातला एकही शब्द कामाचा नाही. 'महापाषाणकालीन स्थळ कुठंय' विचारलं तर 'तसं इथं काही नाही' असं उत्तर येतं. 'काका, ते गोट्यायचे गोल कुठं हायेत जी?' म्हटलं की लगेच 'ते न, नाल्याच्या पल्याड, पांधनीनं सरळ जा, तुरीच्या वावराच्या धुऱ्याले लागूनच हायेत.'

तर माझं मत आधीच सांगतो, मग तुम्ही बोला. लोकांच्या तोंडचा शब्द आधी घ्यावा, शास्त्राचा शब्द त्याच्या शेजारी ठेवावा, आणि दोन्हीत वस्तू कोणती आहे हे स्पष्ट असावं. गोल वेगळा, उभा दगड वेगळा, छत असलेलं दगडी घरटं वेगळं. तिन्हीला एकच नाव दिलं की बघणाऱ्याला काय शोधायचं तेच कळत नाही.

प्रतिसाद
आमच्याकडे (सातारा) गोटा म्हणजे नदीतला गुळगुळीत दगड. शेतातल्या मोठ्या दगडाला आम्ही धोंडा म्हणू. तुमच्याकडे गोटा इतका मोठा असतो का?

धागाकर्ता
हो, इकडं गोटा म्हणजे कुठलाही दगड, हातात मावणारा असो की चार माणसांना न हलणारा. पांढुर्ण्याची गोटमार ऐकली असेलच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, तिथं गोटा म्हणजे सरळ दगडच. ते गाव आता मध्य प्रदेशात असलं तरी बोली आपलीच. म्हणून 'उभा गोटा' हा शब्द मला मेन्हिरसाठी फार नेमका वाटतो. गंमत बघा, मेन्हिर हा शब्दसुद्धा फ्रान्समधल्या ब्रेटन बोलीतला खेड्यातलाच शब्द, मेन म्हणजे दगड आणि हिर म्हणजे लांब. त्यांचा 'लांब दगड' जगभरच्या शास्त्रात चालतो तर आपला 'उभा गोटा' का चालू नये? पुस्तकात 'एकाश्म स्तंभ' लिहितात, पण स्तंभ म्हटलं की घडवलेला, कोरलेला खांब डोळ्यासमोर येतो, आणि हे दगड बहुतेक अनघड असतात.

प्रतिसाद
स्टोनहेंज म्हटलं तर काय बिघडलं? लोकांना पटकन समजतं, पर्यटनही वाढेल.

धागाकर्ता
भाऊ, बिघडतं. स्टोनहेंज या नावातला 'हेंज' टांगलेल्या किंवा आडव्या बसवलेल्या दगडांवरून आला असं मानतात, म्हणजे दोन उभ्यांवर एक आडवा. आपल्याकडच्या गोलांत तसं काहीच नाही. नागपूरहून काटोल रोडनं जुनापाणीला जा, तिथं सुमारे ३०० शिलावर्तुळं आहेत, पण ती काळ्या दगडांची बुटकी कडी आहेत, मधे मुरूम-माती आणि लहान दगडांचा भराव. स्टोनहेंज डोक्यात घेऊन गेलेला माणूस त्यांच्यावरून चालत जातो आणि 'इथं तर काहीच नाही' म्हणून परत येतो, हे मी समोर पाहिलंय आणि फार वाईट वाटतं. चुकीच्या नावानं अपेक्षाच चुकीची तयार होते. पावसाळ्यात गेलात तर गवतात कडी दिसतच नाहीत, हिवाळ्यात उन्हं तिरपी असताना जा, मग एकेका दगडावर कोरलेले वाटीसारखे छोटे खळगे पण दिसतात, कधी ओळीनं कधी जोडीनं. इंग्रजीत कप-मार्क म्हणतात, मी 'वाटी-खळगे' म्हणतो, कोणाकडं चांगला शब्द असेल तर द्या. हे खळगे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं नोंदवले आणि १८७९ मधे छापले, हा माणूस मध्य प्रांत-वऱ्हाडचा कापूस कमिशनर होता, म्हणजे आपल्या पऱ्हाटीच्या कामानं फिरता फिरता त्याला हे दिसलं. पुढं १९६१ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी जुनापाणीला उत्खनन केलं.

त्याच्याही आधी नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप. नागपूरकरांना हिस्लॉप कॉलेज माहीत असतं पण हे माहीत नसतं, की सप्टेंबर १८६३ मधे ते टाकळघाटची शिलावर्तुळं बघायला गेले होते आणि परत येताना पूर आलेल्या नाल्यात बुडून वारले. गोंडांच्या भाषेचं आणि गाण्यांचं त्यांनी गोळा केलेलं काम त्यांच्या मागं रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं छापलं. या दगडांसाठी माणसं इतकी फिरली आहेत, तर आपण निदान नाव तरी नीट घेऊ.

प्रतिसाद
'महापाषाणयुग' शब्दावर पण बोला. माझ्या मुलीच्या अभ्यासात होता आणि तिनं उत्तरात दगडी हत्यारं लिहून ठेवली.

धागाकर्ता
ही तर सगळ्यात मोठी अडचण आहे आणि पोरीची काहीच चूक नाही. 'युग' आणि 'पाषाण' जवळ आले की डोकं थेट अश्मयुगात जातं, 'बृहदश्मयुग' तर त्याहून वाईट, कारण त्यात अश्मयुग अख्खंच्या अख्खं बसलंय, पुराश्मयुग-नवाश्मयुगाच्या रांगेतलंच वाटतं. आणि हे लोक तर लोखंड वापरणारे! पेंच नदीवरच्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, माहुरझरीला माणसांसोबत घोडे पुरलेले आणि घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने सापडले, अकीक-कार्नेलियनचे मणी तिथं बनत होते. इसवी सनापूर्वीच्या साधारण पहिल्या सहस्रकातली ही माणसं. दगड मोठा आहे तो फक्त मेलेल्या माणसाच्या जागेभोवती, त्यांच्या हातात मात्र लोखंडी कुऱ्हाड आहे. ग्रीक मेगास म्हणजे मोठा आणि लिथॉस म्हणजे दगड, मूळ शब्दात युग कुठंच नाही, ते आपण मागून चिकटवलं. म्हणून 'महापाषाण संस्कृती' किंवा 'बृहदश्म संस्कृती' म्हणावं आणि युग हा शब्द सोडून द्यावा, मुलीलाही तसंच सांगा.

प्रतिसाद
मी गडचिरोलीत नोकरीला होते. भामरागडकडे माडिया गोंड लोक अजूनही मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. त्याला पण महापाषाण म्हणायचं का?

धागाकर्ता
ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. बस्तरच्या माडियांमधे उभ्या दगडासाठी 'उरसकल' असा शब्द ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्यानं १९३८ मधे नोंदवला आहे. त्यातला 'कल' म्हणजे दगड. आता आपला वीरगळ घ्या, तो कन्नड 'वीरगल्लु' वरून आला, त्यातला गळ पण दगडच. म्हणजे गोंडीतला कल आणि मराठीतल्या वीरगळातला गळ ही एकाच द्राविडी घराण्यातली भावंडं. आपण वीरगळ रोज बोलतो आणि त्यात दगड आहे हे विसरून 'वीरगळाचा दगड' म्हणतो.

पण उरसकल, वीरगळ आणि जुनापाणीची वर्तुळं एक नव्हेत. वीरगळावर लढाईचं चित्र कोरलेलं असतं आणि तो खूप नंतरचा. माडियांचा दगड तर आजच्या घरातल्या माणसाचा आहे, त्याला त्यांच्याच शब्दानं ओळखावं, 'प्राचीन अवशेष' म्हणू नये, आणि विचारल्याशिवाय फोटो तर अजिबात काढू नये. शब्द सारखा म्हणून परंपरा सलग, अशी उडी मारायची नाही.

प्रतिसाद
आमचे आजोबा या गोलांना गवळ्यांचे तळ म्हणायचे. गवळी राजाची गुरं तिथं बसायची म्हणे.

धागाकर्ता
हे जपून ठेवा, मध्य प्रांताच्या जुन्या इंग्रजी नोंदींतही हीच गोष्ट आहे, की लोक या कड्यांना गवळ्यांच्या छावण्या सांगतात. पुरावा म्हणून नाही धरता येत, कारण खणल्यावर तिथं हाडं, काळी-तांबडी भांडी आणि लोखंड निघतं, पण नाव म्हणून फार मोलाचं आहे. असंच 'पांढरी' बद्दल. काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, जुनं गाव उठून गेलं की तिथली माती राखेनं, घरांच्या पडझडीनं पांढुरकी होते. गोल बघायला गेलात तर जवळपास पांढरी कुठं आहे, रिठ (उठून गेलेल्या गावाची जागा) कुठं आहे हेही विचारा, मेलेल्यांच्या जागेजवळ जित्यांची जागा असते. नागपूर जिल्ह्यातली बरीच शिलावर्तुळं केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहेत, पण यादीबाहेरचे गोल वावर सपाट करताना जेसीबीखाली जातात, आणि शेतकऱ्याला तो 'नुसता गोटा' वाटतो कारण त्याला कोणी वेगळं नावच सांगितलेलं नसतं.

प्रतिसाद
डोल्मेनचं राहिलं.

धागाकर्ता
हो. ते पण ब्रेटन वळणाचंच, टेबलासारखा दगड. उभ्या शिळांवर वर एक सपाट शिळा. चिमूर तालुक्यातलं हिरापूर आणि भंडाऱ्याकडचं पिंपळगाव इथली प्रसिद्ध आहेत. मराठीत 'शिलाकक्ष' लिहिलेलं पाहिलंय, पण ते थंड वाटतं, 'दगडी मंडप' म्हटलं तर खेड्यात लगेच कळतं कारण लग्नाचा मांडव सगळ्यांना ठाऊक आहे, खांब खाली, छत वर. 'शिला' लिहायचं की 'शिळा' असंही मागं कोणी विचारलं होतं, दोन्ही बरोबर, जोडशब्दात शिला आणि सुट्या वाक्यात शिळा असं मी करतो.