झोटेरो: तक्त्यातल्या संदर्भांचे क्रमांक चुकतात

प्रश्न: व्हँकुव्हर पद्धतीने (मजकुरात येतील त्या क्रमाने क्रमांक देऊन) संदर्भ लावलेत, वर्डमध्ये झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरून. तक्ता १ चा उल्लेख मजकुरात संदर्भ ८ नंतर लगेच येतो. पण फक्त तक्त्यात असलेल्या चार लेखांना ३१ ते ३४ क्रमांक मिळालेत. संपादकांनी हस्तलिखित परत पाठवलंय. हाताने बदलू का?

उत्तर १: हाताने मुळीच बदलू नका, पुढच्या रिफ्रेशला (झोटेरो क्रमांक नव्याने लावतो तेव्हा) बदल पुसला जाईल, किंवा त्या संदर्भाचा क्रमांक आपोआप बदलणं थांबेल. आयसीएमजेईचा (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) नियम असा की तक्त्यातल्या संदर्भांना क्रमांक तक्त्याचा मजकुरात पहिला उल्लेख येतो तिथल्या क्रमाने द्यायचे, म्हणजे तुमचे ९ ते १२. झोटेरो मात्र फाइलमधली जागा बघतो आणि तुमचा तक्ता शेवटी आहे. तक्ता उचलून पहिल्या उल्लेखाच्या परिच्छेदाखाली ठेवा, रिफ्रेश करा. मग फाइलची प्रत काढा, त्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ करा (संदर्भ झोटेरोपासून तुटून साधा मजकूर होतात) आणि तक्ता पुन्हा शेवटी न्या. मूळ फाइल जपा; अनलिंक झालेली प्रत परत जोडता येत नाही.

उत्तर २: वरचं बरोबर. सोबत लेखकांची नावंही तपासा. आयसीएमजेईच्या नमुन्यांत सहा नावं देऊन मग ‘एट अल’ (‘आणि इतर’) येतं. एएमए (अमेरिकन मेडिकल असोसिएशन) पद्धतीत सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिली तीनच. ‘व्हँकुव्हर’ म्हणणारी नियतकालिकंसुद्धा यात वेगळी वागतात, म्हणून त्याच नियतकालिकाचा ताजा अंक उघडून पाहा.

उत्तर ३: संदर्भयादीत लेखाच्या इंग्रजी शीर्षकातला प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू होत असेल तर झोटेरोत शीर्षकावर राइट-क्लिक करून ‘सेंटेन्स केस’ (फक्त पहिला शब्द कॅपिटलने) निवडा. त्यानंतर विशेषनामं आणि डीएनएसारखी संक्षेपं डोळ्यांखालून घाला, ती बिघडू शकतात.