रिचमंडची बस

"अमेरिकेत गाडी नसेल तर घरात बसा," असं म्हणतात, ते बऱ्याच गावांबद्दल खरं आहे, पण व्हर्जिनियातल्या रिचमंडबद्दल मला ते सरसकट मान्य नाही.

तिथली शहर बससेवा चालवणाऱ्या जीआरटीसी या कंपनीने 24 जून 2018 ला 'पल्स' ही जलद बस सुरू केली. पूर्वेकडच्या रॉकेट्स लँडिंगपासून पश्चिमेकडच्या विलो लॉनपर्यंत, साधारण साडेसात मैल. ब्रॉड स्ट्रीटवर मधल्या टप्प्यात तिला स्वतंत्र मार्गिका आहे, त्यामुळे ऑफिस सुटायच्या वेळीही ती गाड्यांच्या रांगेत अडकत नाही. त्याच दिवशी शहरातले बाकीचे मार्गही नव्याने आखले गेले. हे काम मला पल्सइतकंच मोलाचं वाटतं. एकच मार्ग चकचकीत करून भागत नाही.

मार्च 2020 पासून तिकीटही नाही. आधी दीड डॉलर पडायचा. आता सुट्टे शोधणं नाही, कार्ड दाखवणं नाही. पल्सच्या थांब्यावरचा फलाट बसच्या आतल्या जमिनीच्या उंचीला असल्यामुळे वॉकर घेतलेल्या आजी किराण्याच्या पिशव्यांसकट सरळ आत जातात, कुणाला हात द्यावा लागत नाही. हे पाहिलं की बरं वाटतं.

अडचण आहे ती शहराबाहेर. आपली बरीच मराठी मंडळी राहतात त्या शॉर्ट पंपकडे पल्स जात नाही, विलो लॉनला उतरून 19 नंबर पकडावी लागते. मुलांकडे आलेल्या आईवडिलांना ही बससेवा एकदा तरी दाखवाच, दिवसभर घरात अडकून पडतात बिचारे.