फिडलवर साथ करताना हाताला सुचत नाही

तिसरं_बोट:
चार वर्षं फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवतोय. धून एकदा बसली की बिनचूक येते. पण ब्लूग्रासच्या (अमेरिकी लोकसंगीताचा एक प्रकार) जॅममध्ये, म्हणजे सगळे जमून वाजवतात तिथे, कोणी गायला लागलं की माझी पंचाईत होते. गिटारवाला जी, सी, डी या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरत निवांत, मँडोलिनची चकचक चालू, आणि मी एकतर गाण्याचीच चाल वाजवतो नाहीतर गज मांडीवर ठेवून बसतो. कॉर्ड कानाला कळतात, बोटांना नाही. ऐनवेळी साथ सुचते कशी?

गजगामी:
आधी ती गाण्याची चाल वाजवणं सोडा. मी वर्षभर तेच करत होतो. एकदा गाणारी कडव्याच्या मधेच थांबली आणि म्हणाली, "तूच म्हण की मग!" सगळे हसले, मीही हसलो, पण लागलं होतं.

सध्या डी आणि ए या दोनच तारा धरा. जी कॉर्डला डीच्या तारेवर तिसरं बोट आणि एच्या तारेवर पहिलं, म्हणजे जी आणि बी. सी कॉर्ड आली की तिसरं तिथेच राहू द्या; एच्या तारेवर फक्त दुसरं बोट टेकवा. डी कॉर्डला डीच्या तारेवर दुसरं बोट (एफ शार्प) आणि ए मोकळी. एवढंच. जीवरून सीला जाताना एकच सूर अर्ध्या स्वराने चढतो, तिथून डीला दोन्ही उतरतात. पूर्ण कॉर्ड वाजवायचा हट्ट नको, उरलेले सूर गिटारकडे आहेतच.

गाणं चालू असेल तोवर लांब, हलका गज. ओळ संपून गाणारा श्वास घेतो तिथे चार-पाच सूर टाका आणि पुढच्या शब्दाच्या आत गप्प व्हा. मला बहुतेकदा इथेच उशीर होतो, अजूनही. आणि खरं सांगू? ऐनवेळी फारसं सुचत नाही. माझ्याकडे पाच-सहा ठरलेल्या सुरावटी आहेत, त्याच फिरवून वापरतो. अजून कुणी पकडलं नाही.

बेताल_बुवा:
चॉप राहिला! ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो, त्याच्या बँडमधल्या फिडलवादक रिचर्ड ग्रीनने १९६०च्या दशकात तो आणला. मुठीजवळचे गजाचे केस तारांवर टाकायचे आणि तिथेच रुतवायचे, दुसऱ्या-चौथ्या मात्रेला. सूर नाही, नुसतं 'खच्'. कॉर्ड चुकायची भीतीच नाही.

गजगामी:
बुवा, त्यांच्याकडे मँडोलिन आहे आणि ती तेच काम करतेय. दोघं मिळून केलं की एकाचा ठोका केसभर मागे पडतो आणि कुणीतरी जिना उतरतंय असं वाटतं. मँडोलिनवाला स्वतःचा सोलो घेईल तेव्हा चॉप करा, तेव्हा ती जागा रिकामी असते.

तिसरं_बोट:
रेकॉर्डिंग लावून तासभर केलं. जी आणि डी जमले. सीला मात्र सूर चढा लागतोय, गिटारशी भांडतोय.

गजगामी:
दुसरं बोट सवयीने सी शार्पवर, म्हणजे सीच्या अर्धा स्वर वर, पडत असणार. पहिलं उचलू नका, दुसरं त्याला अगदी चिकटवून ठेवा.

तिसरं_बोट:
हो, तेच होतं. पहिलं उचलत होतो.